मधुमेह आणि एंडोक्रायनोलॉजीचे विशेष प्रशिक्षण : नाशिक परिसरातील नव्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शक

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. एवढ्या रुग्णांना एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सच्या आजारांचे अतिविशेषज्ञ, पुरणार नाहीत. त्यांतील बहुतेकांची वर्षानुवर्षांची देखभाल फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टर यांच्याकडेच राहणार आहे, आणि म्हणून या विषयातील वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रशिक्षणाला स्वतंत्र महत्त्व आहे. एमबीबीएस किंवा एमडी झाल्यानंतर या क्षेत्राकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टरांनी अर्ज भरण्यापूर्वी काय ठरवावे, संस्था कशी पारखावी, प्रशिक्षणाच्या काळात नेमके काय शिकून घ्यावे आणि ते संपल्यावर कोणती पथ्ये पाळावीत, याची मांडणी पुढे क्रमाने केली आहे. निवड करताना मी एका प्रश्नाला सर्वांत अधिक वजन देतो: तोच रुग्ण आपल्याला किती महिने आणि कोणाच्या देखरेखीखाली पुन्हा पुन्हा पाहायला मिळणार आहे? मधुमेहात आज लिहिलेल्या औषधाचा परिणाम तीन महिन्यांनी कळतो, आणि ज्याने तो पाहिलाच नाही त्याचे शिक्षण अर्धवट राहते.

पहिली पायरी : आपले काम कोणते, हे ठरवणे

अभ्यासक्रमांची यादी उघडण्यापूर्वी पाच वर्षांनंतर आपल्या ओपीडीत कोणते रुग्ण बसलेले असतील याचा विचार करावा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठी, मूत्रपिंडावरील ॲड्रीनल ग्रंथीचे विकार, वाढ खुंटलेली मुले, गुंतागुंतीचे थायरॉइड आणि कॅल्शियमचे आजार असा सगळा पसारा ज्यांना सांभाळायचा आहे, त्यांना तीन वर्षांच्या पूर्ण अतिविशेष पदवीला पर्याय नाही. फिजिशियन म्हणून काम करताना मधुमेहावर भर द्यायचा असेल तर देखरेखीखालची फेलोशिप पुरेशी ठरू शकते. सटाणा, येवला किंवा सिन्नरला फॅमिली डॉक्टर म्हणून बसणाऱ्याने दवाखाना चालू ठेवून एखादा चांगला प्रमाणपत्र अभ्यासक्रम मनापासून केला, तर तालुक्यातील रुग्णांना त्याचा मोठा उपयोग होतो. या तिन्ही कामांना मी सारखाच मान देतो. मात्र एकाची तयारी करून दुसऱ्याचा दावा करणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

दुसरी पायरी : मार्गांची ओळख

पूर्ण अतिविशेषज्ञ होण्यासाठी एंडोक्रायनोलॉजीतील डीएम (विद्यापीठाची पदवी) किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी) हे दोन समकक्ष मार्ग असून दोन्हींचा कालावधी तीन वर्षांचा आहे. त्यासाठी जनरल मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रातील एमडी अथवा डीएनबी आवश्यक असते. प्रवेश अतिविशेष अभ्यासक्रमांसाठीच्या नीट-एसएस या परीक्षेतून होतो. ती राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते आणि जागावाटप मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते. दिल्लीचे एम्स आणि चंडीगडचे पीजीआय यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा असते. नीट-एसएसमध्ये १५० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. प्रश्न मूळ विषयाच्या गटावर आधारलेले असल्यामुळे मेडिसिनच्या उमेदवाराला हृदयविकारापासून संसर्गजन्य आजारांपर्यंत सर्वच विषय पक्के असावे लागतात. केवळ हार्मोन्स वाचून ही परीक्षा निघत नाही. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम आणि नायर रुग्णालयांशी संलग्न महाविद्यालयांत हा डीएम अभ्यासक्रम चालतो. शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातील जागा स्वीकारताना बंधपत्राची अट, विद्यावेतन आणि जागा सोडल्यास भरावी लागणारी रक्कम या तिन्ही गोष्टी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचाव्यात. मागच्या वर्षीच्या उमेदवाराच्या सांगण्यावर विसंबू नये.

दुसरा मार्ग विद्यापीठाच्या फेलोशिप आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचा आहे. नाशिकच्या डॉक्टरांना येथे एक सोय आहे, कारण १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला दिंडोरी रस्त्यावरच आहे. हे अभ्यासक्रम विद्यापीठाने मान्यता दिलेल्या संस्थांमध्ये चालतात. म्हणून पात्रतेची अट, मान्यताप्राप्त संस्थांची चालू वर्षाची यादी आणि त्या संस्थेला मिळालेल्या जागा यांची खात्री विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि गरज पडल्यास प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन करून घ्यावी. संस्थेच्या जाहिरातीवर विद्यापीठाचे बोधचिन्ह आहे, एवढा पुरावा पुरेसा मानू नये.

दवाखाना बंद न करता शिकू इच्छिणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा वर्ग भरणारे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि चेन्नईची डॉ. मोहन्स डायबिटीस एज्युकेशन अकादमी यांनी २०१० साली सुरू केलेला पुराव्यावर आधारित मधुमेह उपचारांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अशा वर्गांतून विचारांना शिस्त लागते आणि औषधे निवडण्याची कारणमीमांसा कळते. पण अत्यवस्थ रुग्णाजवळ रात्रभर उभे राहण्याचा अनुभव त्यांतून मिळत नाही. तो स्वतंत्रपणे मिळवावा लागतो.

परदेशी मार्गांविषयी थोडक्यात एवढेच. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी झाल्यानंतर एंडोक्रायनोलॉजीची साधारण दोन वर्षांची फेलोशिप असते, म्हणजे भारतात एमडी झालेल्यालाही बहुधा पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. ब्रिटनमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या योजनेखाली परदेशी डॉक्टरांना जास्तीत जास्त दोन वर्षे प्रशिक्षण घेऊन मायदेशी परतता येते. तेथील एंडोक्रायनोलॉजी व मधुमेह या विषयाची स्पेशालिटी सर्टिफिकेट परीक्षा ज्ञानाची चाचणी म्हणून चांगली आहे. परंतु ती परीक्षा उत्तीर्ण होणे आणि रुग्णालयात प्रशिक्षण घेतलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी पायरी : संस्था पारखणे

माझ्या मते सर्वांत कमी वेळ दिला जातो तो या पायरीला, आणि पुढची सारी निराशा येथूनच सुरू होते. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी त्या संस्थेत एक पूर्ण दिवस घालवण्याची परवानगी मागावी. परवानगी नाकारली गेली तर तेही उत्तरच समजावे. ओपीडीत बसून शिकाऊ डॉक्टर रुग्णाला स्वतः तपासतो, निर्णय मांडतो आणि नंतर वरिष्ठ त्यात दुरुस्ती करतात, की तो फक्त वरिष्ठांनी सांगितलेली औषधे लिहून देतो, हे पाहावे. मधुमेह विभागाच्या जोडीला नेत्रविभाग, डायलिसिस, पायाच्या जखमांची शस्त्रक्रिया करणारा सर्जन, प्रसूती विभाग आणि बालरोग विभाग त्याच छताखाली आहेत का, हे विचारावे. कारण मधुमेहाची गुंतागुंत या सर्व दारांतून आत येते. अतिदक्षता विभागात केटोॲसिडोसिसचे (इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होण्याच्या जीवघेण्या अवस्थेचे) रुग्ण येतात का, आले तर शिकाऊ डॉक्टर तेथे असतो का, टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी आठवड्यातील ठरावीक दिवस आहे का, प्रयोगशाळेत कॉर्टिसोल आणि इतर हार्मोन्सच्या तपासण्या तेथेच होतात की नमुने बाहेर पाठवले जातात, हेही समजून घ्यावे. मागील दोन तुकड्यांतील डॉक्टरांशी संस्थेच्या आवाराबाहेर बोलावे आणि त्यांना त्यांचे लॉगबुक दाखवण्याची विनंती करावी. लॉगबुकात पानेच्या पाने एकाच दिवशी, एकाच शाईने भरलेली दिसली तर तेथे काय चालते हे सांगण्याची गरज उरत नाही.

ज्या संस्थेचा मुख्य शिक्षक महिन्यातून मोजकेच दिवस येतो, ज्या कार्यक्रमाचा खर्च एखादी औषध कंपनी उचलते आणि वर्गांत तिचीच उत्पादने पुढे येत राहतात, किंवा ज्या अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष रुग्णतपासणीची परीक्षाच नाही, अशा ठिकाणी फी कितीही कमी असली तरी जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांचा भाग सोपा आहे. पदवी, पदव्युत्तर पदवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची चालू नोंदणी, अनुभवाचे दाखले आणि नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र एकत्र ठेवावे. विवाहानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांनी शेवटच्या कागदाकडे विशेष लक्ष द्यावे.

चौथी पायरी : प्रशिक्षणाच्या काळात काय शिकावे

इन्सुलिनपासून सुरुवात करावी, आणि तीही बाटली व सिरिंज हातात घेऊन. भारतात बाटलीतील बरेचसे इन्सुलिन प्रति मिलिलिटर ४० युनिटचे असते, तर पेनच्या कार्ट्रिजमधील आणि काही बाटल्यांतील इन्सुलिन १०० युनिटचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी असते. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट शरीरात जातात. उलट अदलाबदल झाली, तर २० ऐवजी फक्त ८ युनिट मिळतात आणि ‘इन्सुलिन लागूच पडत नाही’ असा गैरसमज होऊन डोस वाढवला जातो. म्हणून प्रत्येक भेटीत रुग्णाने आपली सिरिंज सोबत आणावी, आपल्यासमोर डोस भरून दाखवावा आणि टोचण्याची जागा बोटांनी चाचपू द्यावी, हा परिपाठ पहिल्या आठवड्यापासून ठेवावा. एकाच जागी वारंवार टोचल्याने तेथे चरबीची गाठ धरते आणि तेथून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावर घरात फ्रिज नसेल, तर बाटली ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा रीतीने ठेवण्याची पद्धत समजावून सांगावी. ज्या प्रशिक्षणात हे शिकवले जात नाही, तेथे ते परिचारिकेकडून शिकून घ्यावे. अनेकदा तिला ते आपल्यापेक्षा चांगले येते.

आपल्या जिल्ह्यात एचबीएवनसीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचा, आकडा सावधपणे वाचावा लागतो. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. तांबड्या पेशीचे सर्वसाधारण आयुष्य १२० दिवसांचे असते. ते घटले की साखर चिकटायला वेळ कमी मिळतो आणि एचबीएवनसी खोटेच कमी येते. काही तपासणी पद्धतींत सिकल हिमोग्लोबिनमुळेही आकडा चुकतो. याउलट लोहाच्या कमतरतेच्या पंडुरोगात तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो, आणि गर्भारपणात व बाळंतपणानंतर आपल्याकडील अनेक स्त्रियांना हा पंडुरोग असतो. उपाशीपोटी १२६, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० आणि एचबीएवनसी ६.५ टक्के हे निदानाचे उंबरठे सर्वांना पाठ असतात. परंतु रुग्णाच्या घरच्या नोंदी आणि एचबीएवनसी एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी हिमोग्लोबिन पाहण्याची सवय देखरेखीखाली काम केल्यानेच अंगवळणी पडते.

गर्भवतींच्या तपासणीसाठी आपल्याकडे वापरली जाणारी डिप्सी पद्धत अवश्य आत्मसात करावी. तीत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासतात आणि १४० किंवा अधिक आल्यास गर्भावस्थेतील मधुमेह मानतात. त्यासाठी उपाशी येण्याची अट नसल्यामुळे हरसूलहून सकाळच्या एसटीने निघालेल्या स्त्रीला त्याच फेरीत तपासता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा दीर्घकाळ अभ्यास करून आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, हे दाखवून दिले. सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसाला कमी वयात मधुमेह का होतो, हे समजून घेण्यासाठी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने ते संशोधन मुळातून वाचावे.

उपवास हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणारी स्त्री, एकादशीला दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खाणारे आजोबा आणि मालेगावात रमजानचे रोजे ठेवणारा हातमाग किंवा यंत्रमाग कामगार या तिघांचे धोके वेगळे आहेत. साबुदाण्याने साखर चढते, तर निर्जळी उपवासात सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरू शकते. लघवीतून साखर बाहेर टाकणारे एसजीएलटी-२ गटातील औषध चालू असताना दीर्घ उपवास केला, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही केटोॲसिडोसिस होऊ शकतो. उलट्या आणि धाप असलेल्या अशा रुग्णाची ग्लुकोमीटरवरची १८० साखर पाहून त्याला घरी पाठवणे घातक ठरते. रोजे ठेवणाऱ्याशी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी बोलून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवाव्यात, आणि साखर ७० च्या खाली गेल्यास रोजा सोडायचा, हे कुटुंबीयांसमोर ठरवून घ्यावे. श्रद्धेचा उपहास करणाऱ्या डॉक्टरला रुग्ण पुढच्या वेळी उपवासाविषयी सांगतच नाही. मालेगावात उर्दू, बागलाणात अहिराणी आणि सुरगाण्यात कोकणा बोलीतील भूक, चक्कर, जळजळ, मुंग्या यांसाठीचे शब्द वहीत टिपून ठेवले, तर इतिहास घेण्याचा दर्जा लगेच सुधारतो.

पायांच्या तपासणीला स्पर्शाची जाणीव तपासणारा नायलॉनचा धागा म्हणजे दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट आणि कंपनाची जाणीव तपासणारा १२८ हर्ट्झचा ट्युनिंग फोर्क एवढीच साधने लागतात. संत निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जाणारे वारकरी आणि सप्तशृंगी गडावर अनवाणी जाणारे भाविक यांचे पाय प्रस्थानापूर्वी तपासण्याची जबाबदारी आपणहून मागून घ्यावी. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला २०२७ साली सिंहस्थ आहे. उष्णता, लांब चालणे, चुकलेली जेवणे आणि उन्हात राहिलेले इन्सुलिन या सर्वांचा सामना त्या काळात एकाच वेळी करावा लागेल, आणि आत्ता प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीचा तेथे प्रत्यक्ष उपयोग होईल.

केटोॲसिडोसिसचे रुग्ण सुरुवातीला वरिष्ठांच्या सोबतीने, तासातासाची नोंद स्वतःच्या हाताने लिहीत सांभाळावेत. द्रव, पोटॅशियम आणि इन्सुलिन यांचा क्रम पुस्तकात सरळ दिसतो. पण इन्सुलिनमुळे पोटॅशियम पेशींत शिरून रक्तातील पातळी आणखी खाली जाते. म्हणून आधीच कमी असलेले पोटॅशियम भरून काढल्याशिवाय इन्सुलिन सुरू करायचे नाही, हा नियम पहाटे तीन वाजता पाळण्यासाठी तो अंगात भिनलेला असावा लागतो.

मधुमेहापलीकडील एंडोक्रायनोलॉजीत तपासणीची वेळ आणि तयारी याला फार महत्त्व आहे. रात्री अकरा वाजता एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन सकाळी आठच्या सुमारास घेतलेले कॉर्टिसोल प्रति डेसिलिटर १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले, तर कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याच्या विकाराची, शक्यता फारच कमी होते. तोच नमुना दुपारी घेतला तर त्याचा अर्थच लावता येत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीचा थायरॉइडचा अहवाल काही यंत्रांवर खोटाच थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो, म्हणून गोळ्या बंद करून तपासणी पुन्हा करावी. ग्रामीण भागात सांधेदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड असण्याची शक्यता नेहमी लक्षात ठेवावी. गोल झालेला चेहरा, पोटावरचे जांभळे पट्टे आणि अचानक वाढलेली साखर घेऊन आलेल्या रुग्णाला ‘पुडी लगेच बंद करा’ असे सांगून सोडले, तर त्याची दबलेली ॲड्रीनल ग्रंथी साथ देत नाही आणि तो दोन दिवसांत कोसळू शकतो.

पाचवी पायरी : प्रशिक्षण संपल्यानंतर

मिळालेली पात्रता महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवता येते का, हे आधी तपासावे आणि येत असेल तर नोंदवावी. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट तास लागतात, त्यांचाही हिशेब ठेवावा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार त्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला विशेषज्ञ म्हणवता येत नाही. त्यामुळे अल्पकालीन प्रमाणपत्रानंतर पाटीवर ‘एंडोक्रायनोलॉजिस्ट’ लिहू नये. मूळ पदवी ठळक लिहावी आणि मधुमेहाची सेवा उपलब्ध असल्याचे साध्या शब्दांत नमूद करावे.

दवाखान्याची मांडणी करताना रक्तदाब व वजनासोबत पाय तपासण्याची जागा, ग्लुकोजची पावडर, मोजकी औषधे आणि समुपदेशनासाठी प्रशिक्षित व्यक्ती यांची सोय पहिल्या दिवसापासून असावी. टाइप २ च्या रुग्णाची डोळ्यांची तपासणी निदानाच्या वेळीच करावी आणि लघवीतील अल्ब्युमिन दरवर्षी पाहावे. त्यासाठी नेत्रतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्याशी आधीच बोलून ठेवावे. औषधांच्या किमतीचाही विचार हवा. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत इन्सुलिन ग्लार्जिन आणि टेनेलिग्लिप्टिन यांचा समावेश झाला आहे. द्राक्षबागेत रोजंदारीवर काम करणाऱ्या रुग्णाला महागडे नवे औषध लिहून तीन महिन्यांनी ते बंद पडण्यापेक्षा मेटफॉर्मिन, सल्फोनिलयुरिया किंवा साधे मानवी इन्सुलिन नियमित मिळत राहणे त्याच्यासाठी अधिक हिताचे असते.

पिट्युटरीची गाठ, अवघड ॲड्रीनल विकार, जन्मतःच लिंगनिश्चिती अस्पष्ट असलेले बाळ किंवा वारंवार कॅल्शियम वाढणारा रुग्ण यांना मुंबईतील किंवा पुण्यातील अतिविशेष विभागाकडे वेळेत पाठवावे. पत्रात लक्षणांचा काळ, दिलेली औषधे व स्टिरॉइडचा शेवटचा डोस, प्रत्येक रक्तनमुन्याची तारीख आणि वेळ, मूळ प्रयोगशाळेच्या अहवालांच्या प्रती आणि आपला संपर्क क्रमांक लिहावा. रुग्ण परत आला की तेथील पत्राची प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवून पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवून द्यावी.